मी डेडस्टॉक नंबर तीनशे बारा

मी एक बाड बोलतोय. झेरॉक्सची चारशे बावन्न पानं, हातानं लिहिलेली अठ्ठेचाळीस, वरून पेंडीच्या पोत्याचं कापड आणि पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर, ३१२. माझ्यात गोष्टी नाहीत, अभंग नाहीत. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ आज्ञा आहेत. वकिलांच्या भाषेत मी बरीच वर्षं 'विनापरवाना प्रत' होतो, म्हणजे साध्या भाषेत चोरीचा माल. मला त्याची शरम वाटावी म्हणून पुष्कळांनी पुष्कळ खटपट केली. मला ती कधी वाटली नाही, आजही वाटत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. संगणक चालू केला की पडद्यावर काही उमटायच्या आधी आत एक कारभारी जागा होतो. कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, कुणी कुठं थांबायचं, थांबलेल्याला कधी उठवायचं, हे सगळं तो बघतो. त्या कारभाऱ्याला दिलेल्या सूचना म्हणजे मी. यंत्र विकताना कंपनी कारभारी देते, पण त्याच्या सूचना फक्त यंत्रालाच कळतील अशा आकड्यांत देते. माणसाला वाचता येणारं मूळ ती कुलपात ठेवते.

माझा मूळपुरुष सातासमुद्रापारचा. तिथल्या एका बड्या कंपनीतल्या चार हुशार माणसांनी तो लिहिला. कंपनीनं तो काही कॉलेजांना परवान्यावर दिला, की शिकवा, पण बाहेर कुणाला दाखवू नका. पोरं वाचून शहाणी झाली, चुका काढायला लागली, त्यातून नवं काही करायला लागली. तेव्हा कंपनीला जाग आली आणि पुढच्या आवृत्तीच्या परवान्यात नवी ओळ घातली गेली, की हे वर्गात शिकवायचंसुद्धा नाही. पैसे घेऊन पुस्तक द्यायचं आणि वर म्हणायचं वाचू नका! माणसं कुठल्याही मुलखातली असोत, हा स्वभाव सगळीकडे सारखाच.

मग जे व्हायचं तेच झालं. प्रतीची प्रत निघाली, तिचीही प्रत निघाली. मी त्या वंशातला कितवा ते मलाही ठाऊक नाही. माझ्या बेचाळिसाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो चहा माझ्यावर सांडलेला नाही. कुठल्या तरी देशात, कुणा तरी वाचणाऱ्याच्या हातून माझ्या आजोबा-पणजोबांवर सांडला आणि झेरॉक्समधून उतरत माझ्यापर्यंत आला. माझ्या घराण्याची तेवढीच काय ती खूण.

माझा जन्म पुण्यात, एकोणीसशे त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात. जन्म देणारी तारामती गुलाब ओव्हाळ. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बेंबळीजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली मुलगी. बाहत्तरच्या दुष्काळात तिचे आईवडील सरकारी कामावर खडी फोडत होते आणि ती आठवीत होती. पुढं औरंगाबादला गणित शिकली आणि पुण्याला संगणकाच्या वर्गाला आली. तिथल्या सरांनी माझ्या वडिलांना, म्हणजे माझ्या आधीच्या प्रतीला, चार दिवसांसाठी तिच्या हाती दिलं. देताना एवढंच म्हणाले, की हे मी तुला दिलेलं नाही.

ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. चारशे बावन्न पानं निघाली आणि वीज गेली, ती दोन दिवस आलीच नाही. तारामती वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उरलेली अठ्ठेचाळीस पानं हातानं उतरवली. ओळीला ओळ, ठिपक्याला ठिपका. उतरवताना ती नुसती उतरवत नव्हती, तिला ते कळत होतं. जिथं समजलं तिथं पेन क्षणभर थांबायचं आणि मग भराभर चालायचं. ती अठ्ठेचाळीस पानं मला सगळ्यांत प्रिय आहेत.

शिक्षण संपवून ती उस्मानाबादला आली. जिल्ह्याच्या सहकारी दूध संघानं नुकताच संगणक घेतला होता आणि तो चालवणारं माणूस त्यांना हवं होतं. त्यातला कारभारी माझ्याच घराण्यातला होता. यंत्राची खोली म्हणजे देव्हारा झाला होता. पायताण बाहेर काढायचं, आत थंडगार हवेचं मशिन. संघाचे चेअरमन नानासाहेबसुद्धा पायमोजे घालून आत येत आणि गाभाऱ्यात असल्यासारखे हळू बोलत. मला तारामतीनं टेबलाच्या खणात ठेवलं होतं, पेंडीच्या पोत्याच्या कापडात शिवून.

आता बब्रुवान भांडारपालांबद्दल सांगितलंच पाहिजे. संघाच्या आवारातल्या प्रत्येक वस्तूला नंबर हवा, हा त्यांचा धर्म. खुर्ची, घमेलं, पाण्याचा माठ, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची नोंद त्यांच्या डेडस्टॉक रजिस्टरात. एके दुपारी पंख्याला नंबर टाकायला म्हणून ते यंत्राच्या खोलीत आले आणि खणात मी सापडलो, बिननंबरी. त्यांना ते सहन होईना. मला उचलून ते भांडारात घेऊन गेले, रजिस्टरात लिहिलं, 'ग्रंथ, इंग्रजी, जाड, एक नग', पाठीवर रंगानं ३१२ घातला आणि संघाचा गोल शिक्का घेऊन बसले. नियम असा, की ग्रंथ असेल तर पानागणिक शिक्का. पाचशेच्या पाचशे पानांवर त्यांनी शिक्का मारला, हातानं लिहिलेल्या पानांवरही. एकही पान सुटू दिलं नाही.

तारामती मला शोधत आली तेव्हा शाई वाळत होती. जी वस्तू जगात कुणाला दाखवायची नाही, तिच्यावर पाचशे ठिकाणी सहकारी संघाचं नाव! ती मटकन स्टुलावर बसली. बब्रुवानरावांना वाटलं, नीट नोंद झाल्याचं पाहून पोरीला भरून आलं. मला तिच्या हाती परत देत ते म्हणाले, आता काळजी करू नका, ही वस्तू कुठं जात नाही. खंडेनवमीला त्यांनी घमेल्या-कुदळींच्या ओळीत मलाही मांडलं आणि पहिल्या पानावर हळदीकुंकू वाहिलं. तो लाल-पिवळा डाग अजून गेलेला नाही.

मग दुष्काळ आला. पंच्याऐंशी गेलं, शहाऐंशी गेलं, सत्त्याऐंशीला तर पावसानं पाठच फिरवली. जनावरांचे सापळे दिसायला लागले. संघानं सभासदांसाठी चारा डेपो उघडला. कुणाची किती जनावरं, कुणाला कधी कडबा मिळायचा, ही सगळी यादी यंत्रावर. त्यासाठीचा प्रोग्रॅम तारामतीनंच लिहिला होता. दोन पडदे होते, एकावर सभासदांची नावं घातली जायची, दुसऱ्यावर चारा. चिठ्ठी छापून निघाली की गाडी डेपोवर जायची.

आणि रोज अकराच्या सुमाराला यंत्र गपगार व्हायचं. बिघडायचं नाही, जळायचं नाही. दोन्ही पडदे तसेच थिजलेले. बंद करून पुन्हा चालू केलं की सकाळची यादी गेलेली असायची. बाहेर बेंबळीच्या, सास्तूरच्या बैलगाड्या उन्हात उभ्या. बैलांच्या तोंडाला फेस आलेला. माणसं शिव्या घालत नव्हती, नुसती बघत होती, आणि तारामतीला तेच सोसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी उमरग्याकडच्या मल्लम्माबाईंची गाय गाडीशेजारीच बसली ती उठलीच नाही.

यंत्र पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला नानासाहेबांनी तार केली. उत्तर आलं, की सिस्टिममध्ये दोष असूच शकत नाही, दोष तुमच्या बाईंच्या प्रोग्रॅममध्ये असेल. सिस्टिम आतून कशी चालते ते गुप्त आहे, सांगता येत नाही. आमचा माणूस तीन आठवड्यांनी येईल.

त्या दिवशी तारामतीनं मला खणातून काढून टेबलावर ठेवलं. उघड, सगळ्यांसमोर. तोवर ती मला लपूनछपून वाचायची. आता तिनं कडेच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहायला सुरुवात केली. तीन दिवस ती वाचत होती. भाकरी टेबलावर तशीच वाळून जायची. माझ्यातल्या ज्या पानांवर कारभारी कामांना झोपवतो आणि उठवतो, ती पानं तिनं पुन्हा पुन्हा पालथी घातली. चौथ्या दिवशी तिनं एका ओळीशेजारी लिहिलं, 'सरुबाईचा दगड'. आणि हसली. दुष्काळ पडल्यापासून पहिल्यांदाच ती हसलेली मी पाहिली.

सरुबाई कोण? तारामतीच्या वस्तीतली शेजारीण. बाहत्तर साली वस्तीच्या आडात पाणी झिरपून साचायला वेळ लागायचा. बायका घागरी रांगेत लावायच्या. खडीच्या कामावर जायचं असलं की घागरीच्या जागी दगड ठेवून जायचं. दगड म्हणजे माणूस, त्याला ओलांडायचं नाही, पाळी मोडायची नाही. जाताना शेजारणीला सांगायचं, पाणी साचलं की हाक मार. एकदा तारामतीच्या आईनं, जाईबाईनं, सरुबाईला सांगितलं, मला हाक मार. सरुबाईनं घाईत जाईबाईला तेच सांगितलं. दोघी एकमेकींच्या भरवशावर कामावर गेल्या. रांगेत पुढं दोन दगड, आडात पाणी साचलेलं, आणि मागं सगळ्या बायका कोरड्या तोंडानं उभ्या. दगड कुणी ओलांडेना. दुपार झाली तेव्हा खरा प्रकार कळला.

यंत्रात नेमकं तेच चाललं होतं. एका पडद्यानं सभासदांची यादी धरली, तो चाऱ्याच्या यादीची वाट बघत झोपला. दुसऱ्यानं चाऱ्याची यादी धरली, तो सभासदांच्या यादीची वाट बघत झोपला. कारभारी दोघांनाही मुकाट झोपू द्यायचा, कारण उठवायला हाक मारणारं कुणी नव्हतंच. दोष तारामतीच्याच प्रोग्रॅममध्ये होता आणि ते तिनं नानासाहेबांना स्वतःहून सांगितलं. पण कारभारी झोपलेल्यांशी कसा वागतो हे कळल्याशिवाय तो सापडणार कसा? ते फक्त माझ्यात होतं.

दगडांच्या त्या घोटाळ्यानंतर वस्तीत जाईबाईनं नियम केला होता, की पुढच्यानं मागच्याला हाक मारायची, उलटं कधी नाही. तारामतीनं यंत्रालाही तोच लावला. दोन्ही पडद्यांनी आधी सभासदांची यादी घ्यायची, मगच चाऱ्याची. बारा ओळी बदलल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, बारा वाजले, छपाईचं यंत्र करकरत राहिलं. बाहेरच्या गाड्या हलल्या. बब्रुवानरावांनी पेढे आणले आणि एक माझ्यावरही ठेवला. तुपाचा डाग पडला, तोही मी राखलाय.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमची सहकारातली माणसं! काही चांगलं घडलं की अभिनंदनाचा ठराव केल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. संचालक मंडळ बसलं आणि ठराव झाला, की तारामतीबाई ओव्हाळ यांनी सिस्टिमच्या मूळ ग्रंथाचा सखोल अभ्यास करून दोष दूर केला, सबब मंडळ त्यांचं अभिनंदन करतं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. आणि खाली प्रतींची यादी. एक प्रत जिल्हा उपनिबंधकांना, एक पेपरवाल्यांना, आणि एक माहितीसाठी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला. बब्रुवानरावांनी स्वतः पोस्टात नेऊन टाकली.

ज्यांना यायला तीन आठवडे लागणार होते ते साहेब चौथ्या दिवशी हजर झाले. सोबत वकिलाची नोटीस. यंत्राच्या खोलीत त्यांना पायताण काढायला सांगितलं तर ते रागावले, पण काढलं. मला उघडलं. हळदीकुंकू पाहिलं, मग शिक्का. पान उलटलं, शिक्का. आणखी उलटलं, शिक्का. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर त्यांनी लपवलेली चोरी पाहिली असेल, ही चोरी स्वतःची पावती पाचशे ठिकाणी घेऊन बसली होती.

त्यांच्या अटी तीन होत्या. पहिली, ही वस्तू आपल्यासमोर जाळायची, हातानं लिहिलेल्या पानांसकट. दुसरी, बाईंना कामावरून काढायचं. तिसरी, बाईंनी लिहून द्यायचं, की वाचलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं आहे आणि आपण ते कुठंही वापरणार नाही. नाहीतर परवाना रद्द, यंत्र उचलून नेणार.

नानासाहेबांच्या पायाखालची वाळू सरकली. ऐन दुष्काळात यंत्र गेलं तर दोनशे गावांचा चारा कोण वाटणार? ते वाईट गृहस्थ नव्हते, पण कोर्टाच्या कागदाला भिणारे होते. तारामतीला म्हणाले, ताई, पुस्तकच आहे, जाऊ द्या, नोकरीचं मी बघतो. मी टेबलावर होतो. माझं काय व्हायचं ते त्या क्षणी तिच्या एका शब्दावर होतं.

साहेब तिला म्हणाले, "बाई, तुम्हाला हे वाचायचा अधिकारच नव्हता."

तारामती उभी राहिली. आवाज चढवला नाही. "साहेब, वाचायचा अधिकार नाही, हे वाक्य आमच्या घरात नवं नाही. माझ्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी वाचून बसले होते. आता तुम्ही सांगा, डोक्यातलं कसं जाळायचं?"

साहेबांनी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं तो तसाच परत सरकवला. त्यांनी मला हातात घेतलं आणि शिपायाला काडेपेटी मागितली. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कागदाचा जन्म आहे, आगीला भिणारच.

तेवढ्यात बब्रुवानराव दारात आले. बगलेत रजिस्टर. "साहेब, ह्येला नंबर पडलाय," ते शांतपणे म्हणाले. "तीनशे बारा. डेडस्टॉकची वस्तू अशी जाळता येत न्हाय. निर्लेखन करावं लागतंय, म्हंजी रजिस्टरातनं रीतसर नाव काढावं लागतंय. त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतोय. पंधरा दिसाची नोटीस."

साहेब म्हणाले, ही वस्तू मुळात चोरीची आहे. बब्रुवानराव म्हणाले, असेल, पण रजिस्टरात तसा रकाना नाही. साहेबांनी नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेबांनी छताकडं बघितलं आणि म्हणाले, नियम तर तोच आहे. ज्या शिक्क्यांनी मला पकडून दिलं, त्याच शिक्क्यांनी मला काडेपेटीपासून सोडवलं. साहेबांना पंधरा दिवस तुळजापूरच्या लॉजवर काढावे लागले. देवीचं दर्शन तीनदा झालं म्हणतात.

सभा दूध संकलनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं, आरोपीसारखं. सातआठशे माणूस आलं होतं. बायका एका बाजूला, त्यांत जाईबाईही, दोन म्हशींची सभासद. नानासाहेबांनी विषय मांडला, नग नंबर तीनशे बारा जाळून नष्ट करावा आणि तारामतीबाईंना सेवेतून कमी करावं. साहेब बोलले, की हे आमच्या घामाचं आहे, न विचारता घेतलेलं आहे. त्यांचं बोलणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी मला मुळात लिहिलं त्यांचा घाम माझ्या ओळीओळीत आहे. पण ती चार माणसं त्या शेडमध्ये आली असती तर काडेपेटी मागितली नसती, हे मला त्यांच्या ओळींवरून कळतं.

मग मल्लम्माबाई उठल्या. ज्यांची गाय गाडीशेजारी मेली होती, त्या. "म्या अडाणी हाय. पुस्तक कुणाचं ते मला कळत न्हाय. माझी गाय बसली तवा ह्ये साहेब व्हते का? ह्या पोरीनं दुसऱ्याच्या आडात वाकून बघितलं, व्हय, बघितलं. बघितल्यानं पाणी कमी झालं का? तिच्यामुळं सगळ्यास्नी पाणी मिळालं."

माणसं माना डोलवायला लागली होती. तेवढ्यात बायकांतून जाईबाईचा आवाज आला, साधा, शेजारणीशी बोलावं तसा. "मल्लम्मा, ह्ये तुमच्या मोठ्यांनी आमच्या सासऱ्याला सांगाया पायजे व्हतं. आडात वाकून बघितलं म्हणून त्येचा हात मोडला व्हता."

शेड चिडीचूप झालं. कुणी कुणाकडं बघेना. म्हातारी माणसं पागोट्यांत तोंड घालून बसली. मी पाचशे पानांचा, पण त्या शांततेएवढं जड माझ्यात काही नाही. मल्लम्माबाई जाईबाईकडं वळल्या. मग म्हणाल्या, "व्हय बाई. लई उशीर झाला." आणि त्यांनी ठरावाविरुद्ध हात वर केला. त्यांच्यामागं बायकांचे हात, मग पुरुषांचे. मोजायची गरजच पडली नाही.

नानासाहेबांची भीड त्या दिवशी चेपली. साहेबांना म्हणाले, यंत्र न्यायचं तर न्या, फक्त बाहेर गाड्या उभ्या आहेत, त्यांच्यासमोरून न्या. साहेबांनी बाहेर बघितलं. यंत्र राहिलं. तडजोड अशी झाली, की बाई कामावर राहतील, पण मला सीलबंद करून कपाटात ठेवायचं आणि परवाना असेपर्यंत कुणी उघडायचं नाही. तारामतीनं लेखी दिलं ते एवढंच, 'मी हे वाचलं आहे. वाचलेलं परत देता येत नाही.' खाली सही. तो कागद कंपनीच्या फायलीत अजून असेल.

जिंकलो म्हणायचं का? मला फडक्यात गुंडाळून, सुतळी बांधून, लाखेचं सील ठोकलं. तारामती रोज त्या कपाटासमोरून जायची. हात लावायची नाही, शब्द दिला होता. पण कपाटापाशी तिची चाल हळू व्हायची, ते मला आतून कळायचं. दुष्काळ सरला. ते यंत्र जुनं झालं आणि बब्रुवानरावांच्या मागून आलेल्या भांडारपालानं त्याचं रीतसर निर्लेखन करून भंगारात घातलं. परवाना ज्याच्यासाठी होता ते भंगारात गेलं, आणि मी राहिलो, कारण परवाना संपल्याचा कागद कंपनीकडून आलाच नाही आणि माझं प्रकरण 'प्रलंबित' राहिलं.

तिकडं मूळ कंपनीनं मला दुसरीला विकलं, तिनं तिसरीला. मधली काही वर्षं मी नक्की कुणाचा, हे कुठल्याच वकिलाला सांगता येत नव्हतं. ज्यांना मालक कोण ते ठाऊक नव्हतं, तेही वाचू नका म्हणत होते! शेवटी एका मालकानं जाहीर केलं, की ही जुनी आवृत्ती आता कुणीही वाचावी, वापरावी, फक्त आमचं नाव राखावं. उंदरांनी तोवर माझ्या सीलची सुतळी कधीच कुरतडली होती. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

ती बातमी वाचून तारामती आली. निवृत्तीला आलेली, केस पांढरे. मला उघडलं. कडेच्या नोंदी एकेक करून वाचल्या, 'सरुबाईचा दगड'पाशी थांबली. मग शेवटच्या, हातानं लिहिलेल्या पानाखाली तिनं काही लिहिलं आणि संघाच्या ठरावानं मला पुण्याच्या एका संग्रहालयाला दिलं. तिथं एक फॉर्म भरला गेला. 'हक्क कुणाचे' या रकान्यात कंपनीचं नाव आलं. कडेच्या नोंदी कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही.

आता मी काचेच्या पेटीत आहे. बेकायदेशीर होतो तेव्हा मला वाचणारं माणूस होतं. कायदेशीर झालो आणि कुलपात बसलो. पाटीवर लिहिलंय, हात लावू नये. मला बेचाळिसाव्या पानावर उघडून ठेवलंय, चहाचा डाग दिसावा म्हणून. पोरं येतात, डागाचा फोटो काढतात आणि जातात.

मला डाग म्हणून बघू नका. काच काढा, रखवालदार ओरडला तर ओरडू दे. पानं उलटा, अगदी शेवटपर्यंत. तिथं निळ्या शाईत माझा खरा परवाना आहे:

'कडेच्या नोंदी माझ्या आहेत. ज्याला हव्यात त्यानं वाचाव्यात, उतरवून घ्याव्यात, दुसऱ्याला द्याव्यात. विचारायला येऊ नये. अट एकच. आपली पाळी झाली की मागच्याला हाक मारावी. — तारामती गुलाब ओव्हाळ.'

त्या ओळींवर मात्र कुणाचा शिक्का नाही. वाचून झालं की मागं वळून बघा, कुणी उभं असेल.